शुद्धिपत्र

सदलग्याचे दोघे भाऊ बेळगावच्या कोर्टाच्या आवारात
माझ्या टेबलाशी आले. पिशवीत लाल फडक्याचं बोचकं.
"मास्तर, मोडी हाय. सर्वे नंबर निघतोय का बघा."
पानाला दीडशे, मी म्हणालो. थोरल्याने मान हलवली.
धाकटा बसवर कंडक्टर, रजा टाकून आलेला.

सर्वे नंबर नव्हता. बांध नव्हता, वाटणी नव्हती.
दहा पत्रं होती, सगळी एका हातची:
अंताजी केशव शिनोळीकर,
कुठल्याशा आठवडापत्राचे कर्ते.
"राजश्री तवनाप्पा आदाप्पा यांसी
कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.
आपली कविता चालू अंकी छापिली.
सोबत रुपया एक."

"कविता?" थोरला म्हणाला. "आमच्यात?"
तवनाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकून,
एवढंच घरात माहीत.
वजनाच्या पावत्या लिहायचा.

दुसऱ्या पत्रात शाई पसरली आहे.
कवितेत पाणपोईवरच्या बाईला कोणी सांगतं:
उन्हातून आला आहे, बाई, त्याला अमुक दे.
खिळे जुळवणाऱ्याने तिथं लावलं 'नारळ'.
चिकोडीच्या पंतोजीने भर वर्गात वाचलं,
बघा रे, तहानेल्याला नारळ देऊन वाटेला लावतोय!
वखारीत त्यानंतर तवनाप्पाला
कुणी नावाने हाक मारली नाही.
"चूक आमची. शुद्धिपत्र छापतो.
मूळ शब्द तेवढा कळवावा."

तिसऱ्या पत्राचा मायना अडखळतो.
'सौभाग्य' लिहून खोडलेलं,
खाली नुसतं 'पद्मव्वा बाईंस'.
ताप किती दिवस होता, विचारलं आहे.
मग, एक ओळ सोडून, पुन्हा तो शब्द.

पुढची सात पत्रं, दहा वर्षं, त्या एका शब्दाची.
'निर्मळ' असेल काय? की 'निराळे'?
भिंग लावून पाहिलं, दिवा जवळ घेऊन पाहिलं,
शाहपूरच्या जुन्या कारकुनाला दाखवलं.
मोडीत मात्रा घसरते, कान्यासारखी दिसते;
त्या घसरण्यावरच माझं पोट चालतं.
सहाव्या पत्रात छापखाना गहाण पडतो.
आठव्यापासून अक्षर मोठं, ओळी उतरत्या,
डोळ्यांत पाणी उतरलं म्हणतात.
"शेवटच्या अंकी कविता पुन्हा छापिली.
त्या ठिकाणची जागा कोरी ठेविली आहे.
बाई, कळवाल तर हातांनी भरीन,
माझ्यापाशी चाळीस प्रती आहेत."

मी चष्मा पुसला. धाकट्याला वाटलं, धूळ गेली.

तळाशी एक पाव आण्याचं कार्ड होतं,
टपालाचा शिक्का न लागलेलं.
पत्त्याच्या बाजूला बालबोधीत 'बेळगाव',
पोराने गिरवावं तसं, त्यातला 'ळ' उलटा.
मागच्या बाजूला एकच शब्द, कानडी.
पन्नास वर्षं या गावात राहून
मला ते अक्षर येत नाही. शिकलो नाही,
का शिकलो नाही ते इथे कोणी विचारत नाही.
कार्ड मी धाकट्याकडे सरकवलं.
त्याने गाडीवरची पाटी वाचावी तसं वाचलं:
"नेरळु."

बाई, त्याला नेरळु दे.
तेवढंच होतं. घरात रोज बोलत होते तेच.
मोडी कागदाला तो शब्द
कुणी कानडीतून विचारला नाही.

"म्हणजे जमिनीचं काही नाही," थोरला म्हणाला.
नाही, मी म्हणालो. दहा पानांचे पैसे मोजून घेतले,
कार्डाचे घेतले नाहीत; ते मी वाचलंच नव्हतं.
बारा वाजून गेले होते, ऊन टेबलावर चढलेलं,
कागद पिवळे सोडून पांढरे दिसायला लागलेले.
थोरला बोचकं बांधता बांधता उठला,
कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला
आणि तिथून, घरच्या बोलीत, म्हणाला,
"नेरळाग बर्री, मास्तर."

खुर्ची उचलली मी.